आईला घेऊन चौल-रेवदंड्याला जायचंय, दोन दिवसांत नीट बघून होईल का?

मधुरा_पुणे

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आईला घेऊन चौल-रेवदंड्याला जायचा विचार आहे. आत्तापर्यंत तीनचार वेळा आम्ही त्या रस्त्याने गेलोय पण दरवेळी काशीद नाहीतर मुरूड-जंजिरा गाठायची घाई, त्यामुळे रेवदंडा म्हणजे गाडीच्या काचेतून दिसलेली काळी तटबंदी आणि मग पूल, एवढंच डोक्यात राहिलंय.

यावेळी कारण वेगळं आहे. आई ७१ वर्षांची आहे, तिचं आजोळ चौलचं. लहानपणी मे महिन्यात आणि दत्ताच्या यात्रेला ती तिथे जायची, शीतळादेवीच्या देवळाजवळ कुठेतरी वाडी होती, विहिरीवर रहाट होता, दुपारी पोफळींच्या सावलीत झोपायचे सगळे, असं ती सांगते. पुढे वाडी विकली गेली, मामा मुंबईला आले, आणि साठएक वर्षांत ती परत गेलेलीच नाही. परवा सहज म्हणाली की एकदा तो रस्ता बघायचाय, घर नसलं तरी चालेल. मला ते फार लागलं म्हणून आता ठरवलंच आहे.

तर प्रश्न असे :
आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धापाऊण तास चालते पण पायऱ्या नाही जमत, तर किल्ल्यात फिरता येईल का? सोबत माझा ११ वर्षांचा मुलगा आहे त्याला इतिहासाची खूप आवड आहे, त्याला काय काय दाखवता येईल? राहायचं अलिबागला की तिथेच? आणि पुण्याहून कुठल्या रस्त्याने यावं, मागच्या वेळी वडखळला दीड तास अडकलो होतो. आई शाकाहारी, आम्ही दोघं सगळं खातो.

एक सांगते, मागे अलिबागजवळ एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून गेलो तर फोटोतली खोली वेगळीच निघाली आणि आईसोबत असताना तसं परत नको आहे, म्हणून नीट विचारून घेतेय.

वाडीवाली

मधुराताई, मी चौलचीच, सासर माहेर दोन्ही इथलंच. तुमचं वाचून खरंच बरं वाटलं कारण सगळे आमच्या दारावरून पुढे निघून जातात.

पहिली गोष्ट, तारीख ठरवताना पंचांग बघा. दत्तजयंतीपासून पाच दिवस भोवाळ्याच्या दत्ताची यात्रा असते, तेव्हा चौल नाक्यापासून गाडी हलत नाही. मिठाईची दुकानं, पाळणे, भांडी, खेळणी, रात्रभर माणसं. आईंना यात्राच बघायची असेल तर सकाळी सातच्या आत पोचा आणि दहाला बाहेर पडा. पण देऊळ डोंगरावर आहे, शेकडो पायऱ्या आहेत, गुडघ्यांना नाही झेपणार, खालून हात जोडायचे. माझं मत विचाराल तर यात्रा संपल्यावर तीनचार दिवसांनी या, मधल्या वारी. गाव शांत असतं, थंडी पडलेली असते, आणि आईंना जो रस्ता आठवतोय तो गर्दीत सापडणारच नाही.

चौलमध्ये सपाटीवरचं बघायला खूप आहे. रामेश्वराचं देऊळ रस्त्यालगतच आहे, समोर मोठी पुष्करणी, तिथे आईंना काठावर निवांत बसू द्या. देवळात तीन कुंडं आहेत, अग्निकुंड वायुकुंड आणि पर्जन्यकुंड, फार दुष्काळ पडला की पर्जन्यकुंड उघडायचं अशी इथली श्रद्धा, जुनी माणसं त्याच्या गोष्टी सांगतात. मग शीतळादेवी, मुखरी गणपती. हिंगुळजा देवी आणि तिथली लेणी मात्र डोंगरात आहेत, तिकडे तुम्ही आणि मुलगा जा. आमच्याकडे म्हणायची पद्धत आहे की चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी, मोजली कुणी नाहीत पण आळीआळीत फिरलात तर का म्हणतात ते कळेल.

राहायचं चौल किंवा रेवदंड्यातच. वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय बऱ्याच जणांनी केली आहे. पैसे भरायच्या आधी व्हिडिओ कॉल करून तीच खोली दाखवा म्हणायचं, तळमजला आहे का आणि कमोड आहे का हे स्पष्ट विचारायचं, ज्यांना लपवायचं नाही ते लगेच दाखवतात. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. आईंसाठी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी सांगा. तुम्हाला जिताडा मासा मिळाला तर सोडू नका, खाडीतला असला तर चव वेगळीच, पण रोज मिळेल असं नाही.

आणि डिसेंबर म्हणजे पोपटीचा सीझन सुरू! वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, सगळं मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भरायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी तेल काही नाही. आईंसाठी नुसत्या शेंगा बटाट्याचं वेगळं मडकं लावून देतात. लहानपणी त्यांनी खाल्लीच असणार, यात्रेच्या दिवसांतच तर सुरू होते.

पायवाट

इतिहासाची आवड असलेला ११ वर्षांचा मुलगा म्हणजे हे गाव त्याच्यासाठीच आहे. मी गेल्या दहा वर्षांत पाचसहा वेळा गेलोय आणि दरवेळी काहीतरी नवीन दिसतं.

त्याला आधी एवढं सांगा की मुंबई हे नाव कुणाला माहीत नव्हतं तेव्हा चौल जगाला माहीत होतं. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात सिमिल्ला म्हणून आलंय ते हेच मानतात, अरब लोक सैमूर म्हणायचे, अल मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकात इथे येऊन गेला. घोडे यायचे, कापड जायचं.

मग त्याला निकितीनची गोष्ट सांगा, ही मुलांना फार आवडते. अफनासी निकितीन नावाचा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, १४६९ च्या सुमारास इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदराहून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक उघडे फिरतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एक वेणी घालतात, आणि मी गोरा म्हणून सगळे माझ्या मागे मागे येतात. पुढे तो घाट चढून जुन्नरला गेला, तिथे पावसाळाभर राहिला, तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो म्हणाला, शेवटी मोठ्या मुश्किलीने सुटला. तुम्ही पुण्याचे म्हणजे जुन्नर तर घरचंच, मुलाला म्हणावं हा माणूस आपल्या जुन्नरला येऊन गेला होता. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, काळा उंच दगडी स्तंभ, २००२ साली उभारलेला. शाळा चालू असेल तर आधी परवानगी घ्या, सरळ आत शिरू नका.

रेवदंड्याचा किल्ला म्हणजे आगरकोट. हा डोंगरी किल्ला नाही, सपाट आहे, गाव तटबंदीच्या आतच वसलंय, म्हणजे लोकांच्या वाड्या, विहिरी, अंगणं सगळं किल्ल्यात. त्यामुळे आईंना काहीच अडचण नाही, फक्त वाटा ओबडधोबड आहेत आणि गवतात दगड लपलेले असतात, तेव्हा चप्पल नको, बूट घाला. पोर्तुगीज इथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. १५०८ मध्ये समोर कुंडलिका नदीच्या मुखाशी मोठी आरमारी लढाई झाली, एका बाजूला इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. मुलाला खाडीच्या तोंडाशी उभं करून सांगा की हे इथे झालं, पुस्तकातली लढाई त्याच्या डोळ्यासमोर उभी राहील. १५७०-७१ ला अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वेढा घातला पण शहर पडलं नाही. शेवटी मराठ्यांनी १७३९ ला वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना चौल-रेवदंडा सोडावं लागलं.

आत सातखणी मनोरा आहे तो बघाच, चर्चचा मनोरा आहे, वरचे मजले पडलेत पण अजून उंच आहे, पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. आसपास आणखी चर्चेसचे अवशेष आहेत, काही नुसत्या भिंती, त्यावर वडाची मुळं. मला सगळ्यात जास्त आवडते ती समुद्राकडची तटबंदी, पुळणीवर उतरून तिच्या कडेकडेने चालत गेलं की संध्याकाळी दगडाचा रंग बदलत जातो. भरतीला पाणी थेट भिंतीशी येतं त्यामुळे ओहोटीची वेळ बघून जा.

एक कळकळीची विनंती, दगडांवर नावं कोरणारी, बाटल्या टाकणारी मंडळी भेटली तर बोला. मी मागच्या खेपेला मनोऱ्यापाशी अर्धी गोणी कचरा गोळा केला, ४०० वर्षं उभ्या असलेल्या भिंतीच्या पायाशी चिप्सची पाकिटं बघून खूप वाईट वाटतं.

मधुरा_पुणे

वाडीवाली ताई, पायवाट दादा, काय बोलू, खूप खूप आभार. निकितीनची गोष्ट मी लेकाला आत्ताच वाचून दाखवली, तो नकाशा घेऊन बसलाय. आईला पोपटीचं सांगितलं तर म्हणाली भांबुर्डा नाही गं, आम्ही नुसतं भांबुरडं म्हणायचो, आणि मग तासभर बोलत होती.

ओहोटीची वेळ कशी बघायची? आणि कोर्लईला जावं का?

खाडीपलीकडे

ओहोटीचं आमच्या कोळ्यांचं गणित सोपं आहे. त्या दिवसाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, दुपारी अकरा-बाराला भरती, संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. तुम्ही यात्रेनंतर येणार म्हणजे वद्य अष्टमी-नवमी धरा, अष्टमीला सहा वाजता भरती, दुपारी बाराला ओहोटी. म्हणजे तटाच्या कडेने चालायचं तर दुपारी, डिसेंबरचं ऊन असतं तेव्हा टोपी घ्या, आणि संध्याकाळी तिथे नको कारण पाणी चढत असतं. मुलाला हे गणित शिकवा, मोबाईलची गरज नाही पडणार. अर्धा तास इकडे तिकडे होतं, ते धरून चालायचं.

कोर्लई पुलापलीकडे लगेच. पूल जुना आहे, कधी कधी जड वाहनं बंद करतात, कार जाते पण निघायच्या दिवशी विचारून घ्या.

कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या सोंडेवर आहे, एका बाजूला समुद्र एका बाजूला खाडी, अरुंद आणि लांब. चढ आहे, दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, आईंना खालीच बसवा, तिथूनही समुद्र मस्त दिसतो, तुम्ही दोघं तासाभरात वर जाऊन या. वरून पलीकडे रेवदंडा, नारळी-पोफळी आणि मधे खाडीचं तोंड असं एका नजरेत दिसतं, त्या १५०८ च्या लढाईची जागा खरी कळते ती इथूनच.

पण कोर्लईला यायचं खरं कारण किल्ला नाही, माणसं आहेत. इथल्या ख्रिश्चन वस्तीत एक भाषा बोलतात जी जगात दुसरीकडे कुठेच नाही. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली. ते स्वतः तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. १७४० ला पोर्तुगीज गेले, पाद्री गेले, सोजीर गेले, पण ही माणसं राहिली आणि त्यांनी घरात ही भाषा जपली, पावणेतीनशे वर्षं. शब्द बरेचसे पोर्तुगीज पण वाक्य रचायची पद्धत हळूहळू मराठीसारखी झाली, क्रियापद शेवटी. माझे शाळेतले दोन मित्र तिथले, त्यांच्या घरी गेलं की आजी त्यांच्याशी नोलिंगमध्ये बोलायची आणि माझ्याशी मराठीत, एका दमात, मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी दोन भाषा असतात. आता नवी पोरं शाळा मराठी-इंग्रजीत करतात, कामाला मुंबईला जातात, त्यामुळे काळजी वाटते.

फक्त एक करा, वस्तीत जाऊन कुणाला बोलून दाखवा म्हणू नका, मोबाईल काढून शूटिंग तर अजिबात नको. बंदरावर मासळी घ्या, गप्पा मारा, मग आपोआप ऐकायला मिळेल.

जुना_ड्रायव्हर

मी एसटीत होतो, अलिबाग-रेवदंडा-मुरूड मार्गावर बरीच वर्षं काढली. नव्या माणसाला खिडकीजवळ बसवून मी सांगायचो, आता बघा, आपण किल्ल्यात शिरतोय. रस्ताच तटाच्या आतून जातो ना.

रस्त्याचं सांगतो. पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग, मग नागावमार्गे चौल. शनिवार सकाळ आणि रविवार संध्याकाळ वडखळला गर्दी असणारच, म्हणून मधल्या वारीच या आणि पहाटे पाचला घर सोडा. दुसरा रस्ता रोह्यावरून, कुंडलिकेच्या काठाने चणेरामार्गे साळाव आणि पूल ओलांडून रेवदंडा. अरुंद आहे, वळणं आहेत, पण अलिबागची गर्दी लागत नाही आणि खाडी सोबत असते. दिवसाउजेडी या, रात्री नको. आईंना वळणांचा त्रास होत असेल तर पहिलाच बरा.

अलिबाग ते रेवदंडा सतराअठरा किलोमीटर, गाडी नसली तरी एसटी आहे, विक्रम रिक्षा आहेत. मुंबईहून कुणाला यायचं असेल तर गेटवेवरून बोटीने मांडवा किंवा भाऊच्या धक्क्यावरून रोरो म्हणजे गाडीसकट नेणारी बोट, पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात हे ध्यानात ठेवा.

अश्दोदकर

शालोम आणि नमस्कार. मी इस्रायलमधून लिहितोय, बेने इस्रायली म्हणजे कोकणातला ज्यू आहे, माझी पणजी रेवदंड्याची. मराठी आमच्या घरात अजून बोलतात, माझी थोडी तुटकी आहे ती समजून घ्या.

मधुराताई, तुमचा मुलगा इतिहास बघणार तर आमचाही थोडा बघा. आमच्या लोकांची कथा अशी की शेकडो वर्षांपूर्वी नौगावजवळ गलबत फुटलं, जे वाचले ते या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. जिथे राहिले त्या गावाची आडनावं घेतली, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. रेवदंड्यात आमचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, बेथ एल. छोटं, साधं. आमची आता फार थोडी घरं तिथे राहिली, १९४८ नंतर बहुतेक इकडे आलो.

मी २०१७ मध्ये गेलो होतो वडिलांना घेऊन. त्यांनी पणजीचं घर शोधलं, नाही मिळालं. पण एका ओटीवर एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं कुणाचे तुम्ही, आणि वडिलांनी आडनाव सांगितल्यावर तिने आत बोलावून चहा दिला, म्हणाली तुमच्याकडचा मलिदा आम्ही खायचो लहानपणी. मलिदा म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. वडील तिथे रडले. घर नाही मिळालं तरी चालतं, तुमच्या आईने बरोबर सांगितलं. आळीत जाऊन आजोबांचं नाव घ्या, कुणीतरी ओळखेल.

वाडीवाली

अश्दोदकर दादा, तुमची मराठी अजिबात तुटकी नाही. परत आलात की आमच्याकडे उतरायचं.

मधुराताई, कालपासून डोक्यात तुमच्या आईंचीच वाडी होती. सासूबाईंना विचारलं, त्या ७८ च्या आहेत. शीतळादेवीच्या बाजूला रहाट असलेल्या विहिरी तेव्हा जवळपास प्रत्येक वाडीत होत्या, रेडा जुंपायचे, गाडग्यांतून पाणी दोणीत आणि तिथून पाटाने पोफळींना. आता सगळीकडे पंप. पण त्या म्हणाल्या मुंबईला गेलेल्या, वाडी विकलेल्या दोनतीन घरांची नावं त्यांना आठवतात. इथे सगळ्यांसमोर नाव नका लिहू, मला व्यक्तिगत निरोप करा. आईंना एवढंच विचारा की विहीर घराच्या पुढे होती की मागीलदारी, आणि अंगणात बकुळ होती का.

मधुरा_पुणे

ताई, निरोप पाठवलाय. आईला विचारलं. विहीर मागीलदारी होती, रहाटाचा करकर आवाज पहाटे ऐकू यायचा म्हणाली. बकुळीचं नाव काढल्यावर ती गप्पच झाली, मग म्हणाली, दारातच होती, फुलं ओवायला सुईदोरा नाही, केळीचं सोप लागायचं, आणि हे त्या बाईंना कसं माहीत?

अष्टमीच्या आदल्या दिवशी निघतोय, पहाटे पाचला, वडखळवरून.

वाडीवाली

सासूबाई म्हणतायत त्यांना घेऊन सरळ आमच्याकडे या. बकुळ अजून आहे.